परीक्षकाला डिंकाचे लाडू

हिंटरमोस, आल्गॉय
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करते, म्हणजे तू पहिल्या ओळीलाच रागावून मोकळी होशील आणि पुढचं शांतपणे वाचशील. तू दिलेली सहा पाकिटं, तिकिटं लावलेली आणि वर तुझ्या फळ्यावरच्या अक्षरात स्टुटगार्टचा पत्ता घातलेली, एकवीस दिवसांपासून माझ्या खिडकीत उभी आहेत. आधी म्हटलं, स्कीवर नीट उभं राहता आलं की लिहीन. मग म्हटलं, एकदा न पडता खाली आले की लिहीन. तसं बघत बसले असते तर तुला पत्र पुढच्या वर्षी मिळालं असतं. म्हणून आज बसलेच. एका शाळेची पोरं दुपारी गेली, दुसरीची उद्या येतील, आणि मधल्या वेळात हे घर इतकं गप्प असतं की हीटरमधलं पाणी फिरताना ऐकू येतं.

तू म्हणतेस, फोनवर मी थापा मारते आणि कागदावर मला ते जमत नाही. बरं, तर कागदावर.

हे शाळांच्या मुलांचं वसतिगृह आहे. दर आठवड्याला साठ-सत्तर पोट्टे येतात, पाच दिवस स्की शिकतात, जातात. मी इथली वर्षभराची स्वयंसेवक. राहणं, खाणं आणि थोडा हातखर्च. सकाळी नाश्त्याची टेबलं लावायची, मग मुलांना बूट चढवायचे. आत्या, स्कीचा बूट म्हणजे बादलीत पाय घालून वरून सिमेंट ओतल्यासारखं असतं. साठ पोरांचे एकशेवीस पाय, त्यातले निम्मे उलट्या बुटात. त्यानंतर आम्हीही उतारावर, कारण इथल्या मुख्य बाई फ्राउ बेक म्हणतात की या घरात राहील त्याला स्की आलीच पाहिजे.

शिकवतो अंतोन हास्लर. साठीचा आहे, मिशीवर बर्फ साचतो, दिवसाला वीसेक शब्द बोलतो. डोंगरावर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, अशी इथे रीतच आहे, म्हणून मी त्याला सरळ अंतोन म्हणते. तुझ्यासमोर म्हटलं असतं तर तू माझा कान धरला असतास.

लहान मुलांना इथे पिझ्झा आणि पोमेस शिकवतात. स्कीची पुढची टोकं जवळ आणून त्रिकोण केला की पिझ्झा, म्हणजे थांबायचं. दोन्ही स्की शेजारी-शेजारी सरळ ठेवल्या की पोमेस, बटाट्याच्या फ्राइजसारख्या, म्हणजे पळायचं. पिझ्झात माझा हात धरणारं कुणी नाही. पोमेस केलं की मी थेट कुंपणात.

आणि गुरुवारी आम्ही गावातल्या खानावळीत जातो. पहिल्या गुरुवारी मी कोपऱ्यातलं मोठं रिकामं टेबल बघून बसले, तर सगळी खानावळ चिडीचूप. ते श्टामटिश निघालं, गावातल्या ठरलेल्या म्हाताऱ्यांचं ठरलेलं टेबल! माझ्या खोलीतली लेआ लांबून हातवारे करतेय, मला वाटतंय ती मेनू मागतेय. तेवढ्यात म्हातारे आले. त्यांनी मला उठवलं नाही, एकाने फक्त विचारलं, पत्ते येतात का? मी म्हटलं, मेंढीकोट येतं. आता दर गुरुवारी माझी खुर्ची तिथेच. फक्त भिडूला डोळ्यांनी खुणावायची सवय सोडावी लागली. ते याला सरळ चोरी म्हणतात.

हां, मुद्दा राहिला. २२ फेब्रुवारीला परीक्षा आहे. मुलांच्या गटाला शिकवण्याची, प्रादेशिक स्की संघाची. पास झाले तर फ्राउ बेक मला पुढच्या हिवाळ्यालाही नोकरीवर ठेवणार. आणि नापास झाले तर काय, ते बाबांनी तुलाही सांगितलं असेल: एप्रिलमध्ये नागपूरला ये आणि नर्सिंगचं राहिलेलं गपचूप पूर्ण कर. "एक तरी गोष्ट शेवटाला नेऊन दाखव," म्हणाले. मी काय बोलणार? बी.ए. अर्धं, नर्सिंग अर्धं, बेकरीचा कोर्स तीन आठवडे, स्टुटगार्टच्या त्या घरी मुलं सांभाळायचं वर्ष सात महिन्यांत आटोपलेलं. पण आत्या, ही परीक्षा मला पाहिजे आहे. मला असं कधी वाटत नाही, म्हणून जरा भीतीच वाटते.

तुझी,
मैत्री


स्टुटगार्ट
२४ जानेवारी

चि. मैत्रीस,
अनेक मंगल कामना.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा आत्या म्हणून आणि एकदा मास्तरीण म्हणून. आत्या हसली. मास्तरणीचं म्हणणं असं की "मुद्दा राहिला" हे लिहायला तू दोन पानं घेतलीस.

यशपालला बुटाचं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, ती तिथे टिकली तर मी ऑफिसात पेढे वाटीन." मी म्हटलं, तू तुझं बघ. तीन वर्षांपासून गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे आणि घरातल्या नळाचा वॉशर बदलता येत नाही.

माझं ठीक. मंगळवारी-गुरुवारी जर्मनच्या वर्गाला जाते. घरापासून एसबान लोकलच्या स्टेशनपर्यंत उतार आणि परत येताना तोच चढ. तू उतारावर मजेसाठी घसरतेस, आम्ही भाजी आणायला जाऊन घसरतो.

आता कामाचं. हे हास्लर सर (मी सरच म्हणणार) तुला शिकवतात, तेच परीक्षा घेणार का? घरी कोण कोण आहे त्यांच्या? तब्येत कशी? एवढ्या थंडीत दिवसभर उभं राहतात, खातात-पितात का नीट? त्यांचं टपाल कुठे येतं?

हसू नकोस. शिकवणाऱ्याची ओळख घरच्यांनी ठेवावी लागते. तू अशी धरसोडीची झालीस त्याचं एक कारण मी तुझ्या बाबाला, नामदेवला, तोंडावर सांगितलेलं आहे, की पोरीच्या एकाही शाळेत तू कधी पाय ठेवला नाहीस. मास्तरांना कळलं पाहिजे की या लेकराच्या मागे माणसं आहेत. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं मी, मला नको सांगू.

तू सराव कर. इकडचं मी बघते.

तुझी आत्या,
द्रौपदी


हिंटरमोस
३१ जानेवारी

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

बघ, सात दिवसांत उत्तर. दादाला सांग, पेढ्यांची ऑर्डर दे.

तुझे प्रश्न वाचून लेआला मराठीतून जर्मनमध्ये सांगितले. ती म्हणाली, "तुझ्या आत्याला त्याच्याशी लग्न करायचंय का?" आत्या, इथे घरी कोण कोण आहे असं विचारत नाहीत गं. मला एवढंच माहीत आहे की तो पलीकडच्या खोऱ्यात राहतो, सोमवारी-मंगळवारी त्याची सुट्टी असते आणि त्या दोन दिवशी तो कुणालाही दिसत नाही. हो, परीक्षा तोच घेणार, आमच्या भागाचा संघाचा परीक्षक तोच आहे. टपाल आम्हा सगळ्यांचं याच पत्त्यावर येतं. तुला काय त्याच्या टपालाचं?

परवा एक भानगड झाली. अंतोनने मला वरच्या लिफ्टवाल्याकडे निरोप घेऊन पाठवलं. वाटेत बर्फ सपाट करायचं यंत्र उभं होतं, घराएवढं. चालवणारी बाई म्हणाली, बसतेस? आता असं कुणी विचारल्यावर काय करायचं? बसले. तिने मला सगळा डोंगर दाखवला. एका जागी कोल्ह्याची पावलं होती, सरळ रेघेत, शिवणयंत्राने टीप घातल्यासारखी. तासाभराने परत आले, तेव्हा आठवलं की निरोप द्यायचा राहिला. निरोप काय होता तेही आठवेना.

अंतोन ओरडला नाही. म्हणाला, "मैत्री, परीक्षेत तुझा शत्रू उतार नाही. तुझं डोकं आहे. दर पन्नास मीटरला ते दुसरीकडे बघतं." त्या दिवसाचे वीस शब्द त्याने माझ्यावरच संपवले.

पण कालचं ऐक. माझ्या गटात एक मुलगी होती, बर्फात बसली ती उठेचना. बाकीची पोरं पुढे. मी पण तिच्या शेजारी आडवी झाले आणि समोरच्या डोंगरांना नावं देत बसलो आम्ही. एकाचं नाव इडली ठेवलं. इडली म्हणजे काय ते सांगण्यात दहा मिनिटं गेली, मग ती आपणहून उठली आणि पिझ्झा करत खाली गेली. अंतोन लांबून बघत होता. त्याने खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. जेवताना मी दोनदा सूप घेतलं, इतकं बरं वाटत होतं.

आता रोज दुपारी तो मला अर्धा तास वेगळा देतो, पोमेससाठी. कुंपण थोडं लांब गेलंय.

तुझी,
मैत्री


स्टुटगार्ट
३ फेब्रुवारी

चि. मैत्री,

आज थोडक्यात. तीन दिवस खलबत्ता चाललाय, खांदा भरून आलाय. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, घराचं काम काढलंय का म्हणून. पोस्टात जाऊन आले, रांग मोठी होती, पण काउंटरवरची मुलगी चांगली होती, पत्ता तिनेच नीट करून दिला.

परीक्षेची काळजी करू नकोस. थंडीत कान झाक.

आत्या


हिंटरमोस
८ फेब्रुवारी

आत्या,

जयभीम. हे तू काय केलंस?

काल सकाळी मला फ्राउ बेकच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर डबा. डब्याखाली वजनकाटा. म्हणजे खरंच, काट्यावर ठेवला होता, एक किलो दोनशे ग्रॅम, आणि फ्राउ बेक ते लिहून घेत होत्या. शेजारी अंतोन, हातात तुझी चिठ्ठी लांब धरून, चष्मा नाही म्हणून. मोबाइलवरून भाषांतर करून उतरवलीस ना गं? अक्षर तुझंच होतं, जर्मन भाषेतलं पण तुझंच. त्याने मोठ्याने वाचलं: "माननीय हास्लर सर, आमच्या मुलीच्या मागे माणसं आहेत. परीक्षेत तिच्याकडे लक्ष असू द्या. थंडीत शक्ती येण्यासाठी सोबतचे घ्यावे."

अंतोनने विचारलं, "ही बाई कोण?"

"माझी आत्या."

"तिला माझ्याकडून काय पाहिजे?"

"काही नाही. ती असंच..."

"असंच परीक्षकाला सव्वा किलो? मग परीक्षेचं कशाला लिहिलंय?"

मी सांगायला गेले की आमच्याकडे शिक्षकाला असं म्हणतात, त्याचा अर्थ पास करा असा नसतो, अर्थ एवढाच की लेकरू तुमच्या हवाली केलंय. मराठीत हे किती साधं आहे! जर्मनमध्ये बोलायला लागले आणि प्रत्येक वाक्यागणिक मीच चोर दिसायला लागले. शेवटी म्हटलं, "लाडू आहेत. डिंकाचे. कंबरेला चांगले असतात." फ्राउ बेकने तेही लिहून घेतलं.

अंतोन म्हणाला, "मी तुमची परीक्षा घेऊ शकत नाही. यापुढे सरावही घेऊ शकत नाही. संघाला आजच लिहितो." तुमची म्हणाला, आत्या. इतके दिवस डू म्हणणारा माणूस मला झी म्हणाला. आणि गेला.

तक्रार गेली. आता संघ दुसरा परीक्षक देईल किंवा माझं नाव काढेल, सोमवारी कळेल. दुपारचा अर्धा तास बंद. आज नाश्त्याला मी त्याच्या टेबलाशी कॉफी घेऊन गेले, तर तो उठून दुसरीकडे बसला.

आयुष्यात पहिल्यांदा मी काही स्वतः बिघडवलं नव्हतं. तेवढ्यात तू बिघडवलंस.

मैत्री

डबा नियमाप्रमाणे न उघडता परत पाठवलाय.


स्टुटगार्ट
१२ फेब्रुवारी

चि. मैत्री,

डबा काल आला. वर त्यांनी चिकटपट्टी लावून तारीख टाकली आहे. कुणी एक लाडूसुद्धा उचलला नाही.

यशपाल संध्याकाळी आला, सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावून बसला. "आई, इथे याला लाच म्हणतात." मी म्हटलं, लाच म्हणायला डिंकाचे लाडू काय सोन्याचे आहेत? तो म्हणाला, "आमच्या ऑफिसात सप्लायरने दिलेली डायरीसुद्धा लिहून ठेवावी लागते." रात्री जेवण झाल्यावर त्याने डबा उघडला. म्हटलं, आता कसा खातोस? म्हणतो, "मी कुणाची परीक्षा घेत नाही."

मी दोन दिवस तुझ्यावर रागावून होते. मग स्वतःवर. काय झालं ते तुला सांगते, मग तू ठरव.

शाळेत असताना आयाबाया यायच्या. कुणी ओंजळभर बोरं आणायची, कुणी पदरात तुरीच्या शेंगा. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "बाई, पोरीकडे लक्ष असू द्या." एका शब्दाने कुणी मार्क मागितले नाहीत आणि एक मार्क मी कुणाला जास्तीचा दिला नाही. शेंगा घेतल्या नसत्या तर त्या बाईला वाटलं असतं, मास्तरीण आपल्या घरचं खात नाही. हे आपल्या माणसांना कसं लागतं, ते तुला सांगायला नको. म्हणून मी सगळ्यांचं घेत आले. परत करणं म्हणजे अपमान, एवढंच मला माहीत होतं. घेणाऱ्याचाही त्यात अपमान होऊ शकतो, हे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं.

वर्गात आमच्या जर्मनच्या बाईंना विचारलं. त्या आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, त्या माणसाने बरोबर केलं. मी म्हटलं, असेल बरोबर. पण एक खायचा तरी.

हास्लर सरांना माफीचं पत्र लिहायला घेतलं होतं. यशपालने पेन काढून घेतलं. म्हणाला, "आता तू त्या माणसाला काहीही पाठवू नको, कोरा कागदसुद्धा नको."

तुझं नाव राहिलं का, तेवढं कळव. मला झोप नाही.

आत्या


हिंटरमोस
२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

नाव राहिलं होतं. ते मी फोनवर सांगितलंच, आणि तेव्हा तुझ्यावर रागावून बोलले त्याची आता लाज वाटते. शेंगांचं मी लेआला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या आत्याच्या शाळेतली मुलं नशीबवान होती. मी म्हटलं, छड्या पण खायची.

परीक्षा काल झाली. परीक्षक पलीकडच्या जिल्ह्यातून आल्या होत्या, फ्राउ होल. पातळ ओठ, हातात पाटी, तिच्यावर कागद.

सकाळी शिकवायची परीक्षा. सहा पोरं, सगळी याच आठवड्याच्या शाळेतली, आमची चांगली ओळख झालेली. एकाला शू लागली, एकीचा हातमोजा हरवला, सगळं रोजच्यासारखंच. मी एकदाही दुसरीकडे बघितलं नाही. म्हणजे बघायला वेळच मिळाला नाही, पोरंच इतकी भरकटतात की मला भरकटायला जागा उरत नाही. फ्राउ होल म्हणाल्या, "उत्तम." आत्या, उत्तम! मला आजवर शाळेत कुणी हा शब्द म्हटलेला नाही, आणि तू माझी आत्या असून तूसुद्धा नाही.

दुपारी माझी स्वतःची स्की. लाल उतार, म्हणजे मध्यम अवघड, वरपासून खालपर्यंत, दोन्ही स्की समांतर. पिझ्झा केला की बाद. मी निघाले. चांगली चालले होते, खरंच. तीन वळणं, चार, पाच. आणि खाली कुंपणाशी माझी सकाळची पोरं उभी! त्यांनी मला ओळखलं आणि सगळी एका सुरात ओरडायला लागली, प्रेमाने गं, मदत म्हणून: "मैत्री, पिझ्झा! पिझ्झा!"

सात आठवडे मी हाच शब्द ओरडून पोरांचे पाय वळवले आहेत. तो माझ्या कानात आला आणि माझ्याच पायांनी ऐकला. डोक्याला विचारलंसुद्धा नाही. मस्त, त्रिकोणी, पुस्तकातल्यासारखा पिझ्झा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फ्राउ होलने पाटीवरच्या कागदावर रेघ मारली.

तर अर्धी परीक्षा झाली. उरलेली अर्धी २२ मार्चला परत देता येते. फक्त उताराची.

अंतोन खालीच होता, लिफ्टपाशी. मी आले तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं आणि पाठ फिरवली. पंधरा दिवस झाले, एक शब्द नाही. तो शिकवत होता तोवर कुंपण लांब जात होतं. एकटीने चार आठवड्यांत मी काय करणार? लेआ चांगली आहे, पण ती दोन वर्षांची असल्यापासून स्कीवर आहे, तिला ते सांगताच येत नाही. चालायचं कसं ते सांग म्हटल्यावर तू सांगू शकशील का?

रात्री पलंगाखालून बॅग काढली. तुला माहीत आहे, मला बॅग भरायला वीस मिनिटं लागतात. सवय आहे.

तुझी,
मैत्री


स्टुटगार्ट
२७ फेब्रुवारी

चि. मैत्रीस,
मंगल कामना.

पिझ्झाचं वाचून यशपाल खुर्चीवरून पडायचा राहिला. मलाही हसू आलं, मग वाईट वाटलं, मग परत हसू आलं. पोरांनी शिकलेलं ओरडून दाखवलं, म्हणजे तू नीट शिकवलंस. त्यात मला तरी नापास काही दिसत नाही.

नामदेवचा फोन आला होता. खरं ते सांगितलं, लाडवांचं सोडून. ते तुझ्या-माझ्यात राहू दे. तो म्हणाला, "म्हणजे याही वेळी अर्धंच." मी म्हटलं, "अर्धं तिने सोडलेलं नाही, अर्धं तिचं झालेलं आहे. दोन्हीत फरक आहे, तुला कळत नसेल तर माझ्या वर्गात येऊन बस." धाकटा आहे माझ्याहून, अजून ऐकतो. मग हळू आवाजात विचारलं त्याने, "पण ती थांबेल का गं?" तेव्हा मला कळलं की त्याला तुझं नर्सिंग वगैरे काही नको आहे. तू थांबतेस का, एवढंच त्याला बघायचं आहे.

मी काय सांगणार? यशपाल म्हणतो, यायचं असेल तर तिकीट काढतो, शनिवारी त्याला सुट्टी आहे, स्टेशनवर येईल. तुझी खोली तशीच आहे, फक्त पलंगावर माझी वह्या-पुस्तकं आहेत, ती उचलीन.

मी तुला ये म्हणत नाही, राहा पण म्हणत नाही. एकदा तुझ्यासाठी मध्ये पडून बघितलं, पुरे झालं. त्या उतारावर उभी तू राहणार आहेस.

काय ठरवतेस ते लिही. फोन करू नकोस.

आत्या


हिंटरमोस
४ मार्च

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

शनिवारी बॅग भरली होती. बसचा थांबा समोरच आहे. बसला अर्धा तास होता, म्हणून म्हटलं फ्राउ बेकला सांगून यावं. त्या ऑफिसात २२ मार्चची यादी लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझं नाव लिहू ना?" मी सांगायला गेले होते की नको. तोंडातून जर्मन "या" निघालं, म्हणजे हो. मग परत येऊन बॅग रिकामी केली. रिकामी करायला जास्त वेळ लागतो, हे मला माहीतच नव्हतं. आजवर मी फक्त भरल्याच होत्या.

असं सांगितलं की वाटेल चुकून झालं. चुकून नाही झालं. बस गेली ते मी खिडकीतून बघितलं आणि मला जेवायची भूक लागली. कळलं ना?

या आठवड्यात शाळांना सुट्टी आहे. घर रिकामं, लेआ आईकडे गेली आहे. आज इथे फाशिंग, म्हणजे सोंगं काढायचा दिवस. लिफ्टवाला मधमाशी झालाय, पंख लावून तिकिटं तपासतोय. काल आणि आज मी एकटीच उतारावर होते. पाचव्या वळणापर्यंत पोमेस, आणि सहाव्याला पाय आपोआप त्रिकोण करतात. कुणी ओरडत नाही तरी करतात. काल अकरा वेळा, आज सकाळपासून सात वेळा. अकरापेक्षा सात कमी, म्हणून मी वर हॉट चॉकलेट प्यायले. तिथून तो इडली डोंगर दिसतो. मी एकटी होते, आणि आत्या, मला बाहेर पडून दुसरीकडे कुठे जावंसं वाटत नव्हतं. हे नवीन आहे. बाबांना सांगू नको, लगेच जाहीर करतील. मीच सांगेन.

आता जेवण झालंय, पाय टेबलावर आहेत आणि हे लिहितेय. एकटीने कितपत जमेल माहीत नाही. सहाव्या वळणाला नक्की काय चुकतं, ते मला दिसत नाही, आणि दाखवणारा माणूस

थांब. खाली दार वाजतंय. मंगळवारी इथे कुणी येत नाही.

आत्या, अंतोन आलाय. सुट्टीच्या दिवशी, पलीकडच्या खोऱ्यातून, खांद्यावर स्की. हातात संघाचं पाकीट, त्याच्या घरच्या पत्त्यावर आलेलं. त्याने मला ते वाचायला दिलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

तक्रार नव्हती गं ती. म्हणजे डब्याचं कळवलं होतंच, पण त्याखाली त्याने एक प्रश्न विचारला होता: ज्या उमेदवाराची परीक्षा मी घेऊ शकत नाही, तिला मी शिकवू शकतो का? संघाला उत्तर द्यायला पंचवीस दिवस लागले. उत्तर एका ओळीचं, शिकवण्यास हरकत नाही, आणि खाली तीन सह्या.

मी म्हटलं, "एवढे दिवस नुसतं सांगायचं तरी! मला वाटलं तू रागावलास."

तो म्हणाला, "उत्तर आलं नव्हतं. मग सांगणार काय?"

आता तो दारातल्या पायपुसण्यावर उभा आहे, आत यायला तयार नाही, बुटांना बर्फ आहे म्हणून. घड्याळ बघतोय. लिफ्ट चारला बंद होते आणि आत्ता दोन वाजलेत. बाकीचं नंतर, मला बूट चढवायचे आहेत.